मनावरील ताण आणि शिक्षकाची प्रकृती

परिपाठ आटोपून मुले वर्गात बसत आहेत, फळ्यावर वार व दिनांक लिहून होत आहे, आणि एवढ्यात फाट्याकडून अधिकाऱ्यांची गाडी शाळेच्या दिशेने वळताना दिसते. शिक्षकाचे काम चोख असो वा नसो, त्याच्या छातीत क्षणभर धडधड होते, घशाला कोरड पडते, तळहातांस घाम सुटतो. गाडीतील मंडळी केवळ रस्ता विचारून पुढच्या गावी निघून जातात. तरीही ती धडधड शमावयास बराच वेळ लागतो. प्रस्तुत लेखाचा सारा विषय ह्या साध्या अनुभवात आलेला आहे. संकट आलेच नाही, पण शरीर मात्र त्याच्याशी झुंजून बसले.

खेड्यापाड्यांत आज लहानथोर सर्वजण ज्यास ‘टेन्शन’ म्हणतात, तो मनावरील ताण केवळ मनापुरता राहत नाही. तो रक्तात उतरतो, स्नायूंत शिरतो, पोटात व झोपेत आपला अंमल बसवितो. हा व्यवहार नेमका कसा घडतो हे शिक्षकबंधूभगिनींनी समजून घेणे दोन कारणांनी अगत्याचे आहे. एक तर त्यांची स्वतःची प्रकृती; आणि दुसरे म्हणजे त्यांच्यासमोर बसलेली मुले, ज्यांना आपला ताण शब्दांत सांगता येत नाही.

शरीरात काय घडते?

आपल्या जिल्ह्यातील संगमनेर, अकोले, राहुरी ह्या भागांत उसाला रात्रीचे पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास बिबट्या दिसणे ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले की विचार करण्यापूर्वीच शेतकऱ्याचे शरीर सज्ज होते. मेंदूच्या तळाशी असलेले एक लहानसे केंद्र मज्जातंतूंच्या द्वारे मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा देते. त्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हे सारे काही क्षणांतच होते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, श्वास जलद होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात ओतते, कारण धावणाऱ्या पायांस इंधन हवे. त्याच वेळी पचनाचे काम मंदावते आणि तोंडातील लाळ आटते. जीव वाचविण्याच्या घटकेस जेवण पचविणे हे काही निकडीचे काम नव्हे.

ह्याच्या पाठोपाठ दुसरा निरोप जातो. तो मज्जातंतूंतून न जाता रक्तावाटे, मेंदूखालील पोष ग्रंथीच्या मार्फत, त्याच अधिवृक्क ग्रंथींकडे पोहोचतो आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढू लागते. ॲड्रेनॅलिन हे तातडीचे, तर कॉर्टिसॉल हे टिकाऊ मदतीचे. संकट लांबल्यास शरीरास इंधनाचा पुरवठा होत राहावा, ही त्याची योजना.

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या सज्जतेचे वर्णन केले. लढावे किंवा पळावे, ह्या दोहोंपैकी एकासाठी शरीर तयार होते, असा त्याचा मथितार्थ. पुढे १९३६ मध्ये माँट्रियल येथे काम करणारे हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ ह्या नियतकालिकातील एका छोट्या लेखाने दाखवून दिले की आघात कोणत्याही प्रकारचा असो, शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा एकाच साच्याचा असतो. प्रथम इशारा, मग प्रतिकार, आणि आघात चालूच राहिल्यास शेवटी थकवा, अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. ह्या मांडणीत पुढील संशोधनाने बऱ्याच दुरुस्त्या केल्या. परंतु थोड्या काळासाठी हितकर असलेली सज्जता दीर्घकाळ चालू राहिली म्हणजे शरीराला झिजविते, हा तिचा गाभा आजही कायम आहे.

म्हणजे ताण हा मुळात शत्रू नव्हे. बिबट्यापासून पळताना तो प्राण वाचवितो. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी तोच दुप्पट काम करवून घेतो. शेतकरी पळून वस्तीवर पोहोचतो, घडलेली हकीकत दहा जणांना सांगतो, पाणी पितो, आणि तासाभरात त्याचे शरीर पूर्वपदावर येते. ताण चढला, कामी आला आणि उतरला. खरी अडचण येते ती तो न उतरल्यामुळे. कार्यालयातून आलेल्या खरमरीत पत्रापासून कोणास पळता येत नाही आणि त्याच्याशी झुंजताही येत नाही. शरीर मात्र पत्र आणि बिबट्या ह्यांतील भेद पुरता जाणत नाही.

किल्ल्यातील एक उदाहरण

ह्या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातील एक बोलके उदाहरण आहे. नगरचा भुईकोट किल्ला आपल्यापैकी अनेकांनी मुलांच्या सहलीबरोबर पाहिला असेल. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना ह्याच किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत मौलाना अबुल कलाम आझाद होते. १९४३ च्या आरंभी त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास अत्यवस्थ असल्याच्या वार्ता येऊ लागल्या. सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती तात्काळ पाठवू, असे तुरुंगाच्या अधीक्षकाने सुचविले. परंतु परकीय सरकारकडे काहीही मागावयाचे नाही, ह्या निश्चयापासून मौलाना ढळले नाहीत. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगमसाहेबांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात मौलानांनी आपल्या अवस्थेचे जे प्रांजळ निवेदन केले आहे, ते कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात शोभावे असे आहे. वर्तमानपत्रे दुपारी येत. ती घेऊन येणाऱ्या जेलरच्या पावलांचा आवाज कानी पडताच, आज काय बातमी असेल ह्या धास्तीने त्यांचे हृदय धडधडू लागे. जेलर आत येऊन उभा राही तेव्हा मात्र ते नेहमीप्रमाणे हसून, अंक मेजावर ठेवण्याची खूण करीत आणि जणू वाचण्याची घाईच नाही अशा थाटात लिहीत बसत. भूक पार नाहीशी झाली होती. तरीही ते ठरल्या वेळी पंगतीस जात आणि चार घास कसेबसे गिळीत. वरून शांत दिसण्यात आपण यशस्वी झालो, आतून कदाचित नाही, आणि ते सारे एक सोंगच होते, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे. अटकेच्या वेळी १७० पौंड असलेले त्यांचे वजन नगरच्या किल्ल्यातून हलविले जाईपर्यंत १३० पौंडांवर आले होते. ह्या घटीस तुरुंगवासाची इतर कारणेही असतील. परंतु अन्नावरची वासना उडणे हे त्यांतील एक प्रमुख कारण होय.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक ही की, धैर्यवान व विद्वान माणसाचे शरीरही ताणापासून सुटत नाही. म्हणून ‘मला कसा त्रास होतो’ अशी लाज कोणी बाळगू नये. दुसरी ही की, चेहरा शांत ठेवल्याने शरीर शांत होत नाही. वर्गासमोर हसतमुख उभे राहणे हे शिक्षकाचे कर्तव्य असले, तरी त्या हसण्याआड दडलेला ताण कोठेतरी उतरविला पाहिजे.

मौलाना व त्यांचे सहकारी तो कसा उतरवीत, हेही पाहण्यासारखे आहे. मौलानांनी दिनक्रम यत्किंचितही ढळू दिला नाही, आणि रात्रीच्या जेवणानंतर अंगणात सोबत्यांबरोबर बसण्याचा परिपाठ मोडला नाही. आपले मनोगत त्यांनी एका स्नेह्यास उद्देशून पत्रांतून लिहिले. ही पत्रे त्या काळी टपालात पडलीच नाहीत. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ ह्या नावाने पुस्तकरूपाने निघाली. त्याच आवारात पंडित जवाहरलाल नेहरू कुदळ घेऊन फुलझाडांचे वाफे खणीत. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ ह्या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ तेथेच लिहिला. ठरलेला दिनक्रम, अंगमेहनत, लेखन आणि सोबत, हे चारही उपाय आजच्या वैद्यकशास्त्रास मान्य आहेत.

न उतरलेल्या ताणाचे परिणाम

महिनोन्महिने साचलेला ताण शरीरात निरनिराळ्या ठिकाणी प्रकट होतो. मान, खांदे व पाठ सदैव आवळलेली राहिल्याने दुखू लागतात. कपाळाभोवती पट्टा बांधल्यासारखे डोके धरते. झोप उशिरा लागते किंवा पहाटे तीनलाच मोडते. पोट फुगणे, जळजळ, वारंवार शौचास जावे लागणे, हेही नित्याचे होते. रक्तात वारंवार ओतली जाणारी साखर मधुमेही माणसास विशेष बाधते. रक्तदाब चढता राहिल्यास हृदय व रक्तवाहिन्या ह्यांवर भार पडतो. शरीराची रोगप्रतिकारशक्ती मंदावल्याने साधे पडसेही लवकर हटत नाही.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे इष्ट होईल. पोटातील व्रण केवळ काळजीनेच होतो, असे पूर्वी सर्रास मानीत. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील वॉरेन व मार्शल ह्या डॉक्टरांनी बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक जंतू असल्याचे शोधून काढले आणि त्याबद्दल त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, प्रत्येक दुखण्याचे खापर ताणावर फोडून उपचार टाळणे हेही अहिताचेच.

वर्गातील परिणाम तर आपण जाणतोच. स्वभाव चिडखोर बनतो, लहानशा चुकीवर आवाज चढतो, मुलांची नावे आठवत नाहीत, आवडीचा पाठही रटाळ वाटू लागतो. असे दिसू लागले की तो स्वभावातील दोष न समजता शरीराने दिलेली सूचना समजावी.

मुलांच्या मनावरील ताण

दसरा-दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या तालुक्यांतील कितीतरी वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात. काही आजीआजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. अशा मुलास ‘मला आईची आठवण येते’ असे म्हणता येईलच असे नाही. त्याऐवजी त्याचे पोट दुखते, ते नखे कुरतडते, रात्री अंथरुण ओले करते, विनाकारण भांडते किंवा मागच्या कोपऱ्यात गप्प बसून राहते. ही पोटदुखी सोंग नव्हे. पचनावर ताणाचा होणारा जो परिणाम वर सांगितला, तोच येथे दिसत असतो.

भेदरलेल्या मुलास पाठ असलेली कवितासुद्धा आठवत नाही, हा अनुभव सर्वांस आहे. घाबरलेला मेंदू धोक्याकडे लक्ष देतो. पाढ्यांकडे त्यास लक्ष देववत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याने कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांस मनाई केली आहे. ह्या मनाईमागे दयेबरोबरच शरीरशास्त्रही आहे. अशा मुलांसाठी रोजचा ठरलेला क्रम, नावाने मारलेली हाक, खेळाचा न चुकणारा तास आणि शिक्षकाचा संथ आवाज ही मोठीच औषधे होत. फडावरून परतलेल्या मुलास पहिल्याच दिवशी ‘इतके दिवस कोठे होतास?’ असे दरडावण्याऐवजी त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली दिसावी.

ताण उतरविण्याचे उपाय

पहिला उपाय श्वासाचा. हृदयाची गती आपणांस हुकमाने कमी करता येत नाही. पण श्वास संथ करता येतो, आणि श्वासाच्या मागोमाग हृदयही येते. ताठ पण सैल बसावे. मनात चार अंक मोजीत नाकाने श्वास घ्यावा व सहा अंक मोजीत सावकाश सोडावा. ह्या मानाने मिनिटास सुमारे सहा श्वास होतात. हे पाच मिनिटे करावे. श्वास कोंडून धरू नये. भोवळ वाटल्यास थांबावे. इटलीतील पाव्हिया येथील संशोधकांनी २००१ मध्ये असे दाखविले की जपमाळेवरील प्रार्थना व मंत्रपठण ह्यांनी श्वास आपोआप ह्याच गतीस येतो आणि हृदयाच्या कार्यावर त्याचा अनुकूल परिणाम होतो. परिपाठाच्या आरंभी मुलांसह दोन मिनिटे असा श्वास घेतल्यास दोघांचाही लाभ होतो.

दुसरा उपाय अंगमेहनतीचा. पळण्यासाठी रक्तात आलेले इंधन पायांनीच खर्चिले पाहिजे. शाळा सुटल्यावर अर्धा तास झपाझप चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालल्याने तो पुरा होतो. ज्या शाळेत परसबाग आहे तेथे मुलांबरोबर स्वतःही खुरपे हाती घ्यावे.

तिसरा उपाय झोपेचा. सात ते आठ तासांची झोप ही चैन नव्हे. दिवसभरात झालेली झीज त्या वेळी भरून निघते. निजण्याची व उठण्याची वेळ सहसा बदलू नये. दुपारनंतर चहा कमी करावा. निजण्यापूर्वी एक तास भ्रमणध्वनी दूर ठेवावा. रात्री दहा वाजता गटावर आलेल्या संदेशाचे उत्तर सकाळी दिल्याने काही बिघडत नाही, आणि असा संदेश रात्री न पाठविण्याचे पथ्य वरिष्ठांनीही पाळावे.

चौथा उपाय लेखणीचा. डोक्यात घोळणारी सर्व कामे संध्याकाळी वहीत उतरवावीत. एका बाजूस आपल्या हातची कामे, दुसऱ्या बाजूस हाताबाहेरच्या गोष्टी. पोषण आहाराचा हिशेब पहिल्या रकान्यात येईल; पावसाने ओढ दिली, ही काळजी दुसऱ्या रकान्यात जाईल. पहिल्या रकान्यातील एकच काम उद्या प्रथम करावयाचे, असे ठरवून वही मिटावी. कागदावर उतरलेली चिंता रात्रभर डोक्यात घोळत राहत नाही.

पाचवा उपाय सोबतीचा. एकशिक्षकी अथवा द्विशिक्षकी शाळेवर मन मोकळे करावयास कोणी नसते. केंद्राच्या शिक्षण परिषदेस गेल्यावर माहितीचे तक्ते भरून झाले की एखाद्या स्नेह्याशी सुखदुःखाच्या चार गोष्टी अवश्य बोलाव्यात. भजन, हार्मोनियम, व्हॉलीबॉल, वाचन, ज्यास जे रुचेल त्याचा नेम ठेवावा.

ताणावर तोड म्हणून तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा मद्य ह्यांचा आश्रय मात्र करू नये. तंबाखूने बरे वाटल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तिच्यातील निकोटिन हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढवितेच. मद्याने झोप लागते, पण ती मध्येच मोडते.

उपायांची मर्यादा

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. खांद्यावरचे ओझे जास्त असेल तर केवळ श्वास मोजून ते हलके होत नाही. उपरोक्त कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका ह्यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांवर शिक्षकांची नेमणूक करण्यास मनाई केली आहे. एकच माहिती तीन तक्त्यांत तीनदा मागविली जात असेल, किंवा चार इयत्ता एकट्याने सांभाळाव्या लागत असतील, तर ती अडचण नम्रपणे पण लेखी स्वरूपात केंद्रप्रमुखांपुढे मांडावी. ती मांडणे हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. आणि ती ऐकून घेणे हा प्रशासनाच्या कर्तव्याचा भाग होय.

काही लक्षणे दिसताच घरगुती उपायांवर विसंबू नये. छातीत दुखणे, दम लागणे, डावा हात किंवा जबडा भरून येणे, असे झाल्यास ‘टेन्शन असेल’ असे म्हणत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात मधूनमधून तपासून घ्यावा. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दोन आठवडे झोप व भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर तो आजार समजून लगेच मदत मागावी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र व विनामूल्य चालतो, आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर लिहून ठेवल्यास गावातील एखाद्या घरालाही त्याचा आधार होईल.

शाळा सुटल्याची घंटा आपण मुलांसाठी रोज न चुकता देतो. ती झाली की मुले दप्तरे उचलून धावत सुटतात आणि दिवसभराचा सारा शीण मैदानावर टाकून घरी जातात. शिक्षकानेही दिवसाकाठी स्वतःसाठी अशी एक घंटा द्यावी. मग ती अर्धा तासाची चाल असो, पाच मिनिटांचा श्वास असो, वा मिटलेली वही असो. दिवस संपला, एवढे शरीरास कळले म्हणजे ते दुसऱ्या दिवशीच्या कामास पुन्हा आनंदाने सिद्ध होते.